फारकतीचा कागद

मी एक झाड मारलं आहे. मारलं ते मारलं, वर वर्षभर त्याच्या तब्येतीची चौकशी करत राहिले. चौथीच्या मुलांना झाडांचं महत्त्व शिकवण्याचा मी पगार घेते. तो धडा आला की आता मी फळ्यावर प्रश्न लिहून देते आणि खुर्चीत बसून राहते. मुलांना वाटतं बाईंचं डोकं दुखतंय.

आमचं शेत रोहण्याच्या पुढे, जंगलाला लागून आहे. मी राहते देवळीला. नवऱ्याचं तिथे हार्डवेअरचं दुकान आहे आणि माझी शाळा जवळच्या खेड्यात. शेत माझ्या वडिलांचं. ते तरुणपणी दुसऱ्याच्या वावरात सालदार होते; म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारे गडी. पोटाला चिमटा घेऊन त्यांनी चार एकर घेतलं आणि मी एकुलती एक म्हणून ते माझ्याकडे आलं. त्या मातीवर माझा फार जीव आहे. इतका की कोणी तिच्यावरून नुसतं चालत गेलं तरी माझ्या कपाळाला आठ्या पडतात. हा माझा स्वभाव मला माहीत आहे, आणि पुढे जे झालं ते सगळं या स्वभावाच्या डोक्यावर टाकून मोकळं व्हायचा मोहही मला होतो. पण ते खरं नाही. तापट माणसं निदान तोंडावर भांडतात. मी भांडलेही नाही.

दोन वावरांमधल्या बांधाच्या पट्टीला आमच्याकडे धुरा म्हणतात. आमच्या भागातली निम्मी भांडणं या धुऱ्यावरून होतात. नांगर दर साली बोटभर धुरा खातो, मग एक दिवस कोणाच्या तरी लक्षात येतं आणि दोन घरं पिढीभर एकमेकांची तोंडं बघत नाहीत. आमचा धुरा मात्र शाबूत होता, कारण त्याच्या मधोमध मोहाचं झाड होतं. दोन माणसांच्या कवेत मावणार नाही असा बुंधा. पलीकडचं वावर एका गोंड कुटुंबाचं. त्या घरातला म्हातारा आणि माझे वडील एकाच मालकाकडे सालदार होते, आणि दोघांनी पुढे-मागे शेजारी शेजारी जमीन घेतली. झाडाची वाटणी त्यांनी तोंडीच करून टाकली होती. फुलं त्यांची, बिया आमच्या, सावली दोघांची. माझ्या जन्माआधीपासून हे चालत आलेलं होतं आणि त्यावरून कधी चकार शब्द निघाला नव्हता.

त्या म्हाताऱ्याची सून म्हणजे माझी मावशी. रक्ताची नव्हे, पण लहानपणापासून मी तिला मावशीच म्हणत आले. काटकुळी, आवाज खणखणीत, नवरा लवकर गेलेला, एक मुलगा. चैत्र लागायच्या सुमारास मोहाची फुलं पहाटे टपटप गळायला लागली की ती टोपली घेऊन झाडाखाली असायची. वेचलेली फुलं वाळवून विकायची, काही घरी ठेवायची. उन्हाळ्याचे दोन-तीन महिने तिचं घर त्या एका झाडावर बरंचसं चालायचं. मी लहान असताना ती मला 'पोरी' म्हणायची. नोकरी लागल्यावर 'बाई' म्हणू लागली, 'तू'चं 'तुमी' झालं. मी एकदाही 'राहू द्या मावशी, पोरीच म्हणा' असं म्हटलं नाही. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं.

शेतात संत्र्याची बाग लावायचं माझ्या मनात भरलं तेव्हापासून मोह माझ्या डोळ्यांत खुपायला लागला. मी कलमं लावली, ठिबकच्या नळ्या अंथरल्या, भोवती तारेचं कुंपण घातलं. मोहाच्या सावलीत आलेल्या दोन ओळी काही केल्या उठेनात. पिवळ्या, किडमिड्या. फुलांचा सडा पडला की रानडुकरं यायची आणि फुलं खाऊन झाली की कलमांची आळी उकरून जायची. आणि पहाटे पहाटे मावशीची पावलं माझ्या ओल्या मातीत.

अशातच एका उन्हाळ्यात ते झालं. फुलं नीट दिसावीत म्हणून वेचणाऱ्या बाया झाडाखालचा पाचोळा पेटवून जागा साफ करतात. मावशीनंही पेटवला. वारा सुटला, आग कुंपणाखालून आत आली आणि माझी ठिबकची नळी एका ओळीभर वितळून गेली. मी रविवारी गेले तेव्हा मावशी धुऱ्यावर हात जोडून उभीच होती.

"बाई, जीव घाबरला माह्या. हवा आली आन पेटत गेलं. तुमची नळी जळली वो. सांगा, काय करू मी?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. पण मी हसले. "जाऊ द्या मावशी. होते असं. नळी काय, पुन्हा टाकता येते."

ती किती वेळ मला दुवा देत होती. मी सावलीत तिच्या शेजारी बसून तिचा काळा चहा प्याले. आणि मनात ठरवून टाकलं की हे झाड आता इथे नको.

माझ्या या गोड वागण्याचा मला आता सगळ्यात जास्त राग येतो. वर्गातल्या पोरांवर मी डाफरते, नवऱ्यावर तर रोजच. मावशीवर ओरडायला मला काय झालं होतं? मला वाटतं, मी तिला ओरडण्याइतकंही बरोबरीचं मानत नव्हते. शिकलेल्या बाईनं अडाणी बाईशी भांडायचं नसतं, तिला समजून घ्यायचं असतं, असं काहीतरी मी स्वतःबद्दल ठरवून ठेवलं होतं.

झाड उघड तोडलं असतं तर गावभर झालं असतं, आणि परवानगीही मिळाली नसती. कृषी केंद्रात बसलेल्या एका शेतकऱ्याच्या तोंडून मी मागे ऐकलं होतं की खोडाला भोकं पाडून हिंग भरला की झाड उभ्या उभ्या वाळतं. पौषातल्या एका सुट्टीच्या दुपारी मी दुकानातलं गिरमिट घेऊन एकटी शेतावर गेले. मावशीचा मुलगा त्याच उन्हाळ्यात लग्न झालेल्या बायकोला घेऊन बाजाराला गेलेला, मावशी कापूस वेचायला दुसऱ्याच्या वावरात. मी बुंध्याला खाली, गवताआड, चार भोकं पाडली. हिंग भरला, कपाशीतलं उरलेलं तणनाशक ओतलं, वरून माती लिंपली. हात सोलपटले. लाकूड फार चिवट होतं आणि एक भोक पाडायला मला इतका वेळ लागत होता की मनात आणलं असतं तर मी चार वेळा थांबू शकले असते. त्या रात्रीच्या वरणाला हिंग नव्हता. नवऱ्यानं विचारलं, तर मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "एक झाड तर आहे." मला तेवढंच ऐकायचं होतं.

त्या वर्षी फुलं आली, पण कशीबशी. टोपलीचा तळ झाकेल एवढीही एकेका दिवशी पडत नव्हती. आता इथे त्या घराची एक रीत सांगायला हवी. पहिली फुलं पडली की मावशी लगेच वेचत नसे. चार-पाच दिवस जाऊ द्यायची, मग एक दिवस झाडापाशी दिवा लावून, फुलं देवाला दाखवून मगच तोंडात घालायची आणि घरात न्यायची. आम्ही बौद्ध. माझ्या वडिलांनी देव-नवस सगळं सोडलं आणि मला तसंच वाढवलं, त्याचा मला अभिमान आहे. मावशीची ही पूजा मी दुरून, जरा वरूनच बघत आले होते. शाळेत अंधश्रद्धेवर भाषण करायची वेळ आली की मी पुढे असते.

नवी सून गिरडच्या बाजूची, तिकडच्या एका टेकडीखालच्या गावातली. पहिल्याच मोसमात तिनं रीत मोडली. पहाटे झाडाखाली गेली, भूक लागली होती, चार फुलं उचलून खाल्ली. "आमच्या इकडं असं काई नाई राह्यत," असं ती सासूला सहज म्हणाली. सासू तेव्हा नुसती कुरकुरली. पण फुलं लवकर संपली. मग पानं यायची वेळ झाली आणि पानं नीट येईनात. तेव्हा मावशीला ती चार फुलं आठवली.

"बाई, याले काईतरी झालं," ती मला म्हणाली. "पानं पाहा. उंदराच्या कानाएवढी आली आन सुकून राह्यली. पूजा न करता खाल्लं हिनं. मोह रुसला."

सून दोन पावलांवर उभी होती. मी काय म्हटलं ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हटलं, "असं काही नसते मावशी. झाड रुसत नाई. बुरशी लागली असन."

किती शहाणं बोलणं! अंधश्रद्धा मोडून काढणारं, शास्त्राला धरून. सुनेनं माझ्याकडे इतक्या कृतज्ञ नजरेनं पाहिलं की मी मान फिरवली. आणि मावशी लगेच म्हणाली, "मंग दवा भेटन का याले? तुमी शिकलेल्या. तुमीच आणा."

मी आणली. कृषी केंद्रातून एक स्वस्तातली पांढरी पावडर आणली आणि तिच्या हातात दिली. मला माहीत होतं की तिचा काडीचा उपयोग नाही. "आठवड्यातून एकदा बुडाशी टाका, वरून पाणी द्या," असं मी तिला सांगितलं. डॉक्टरनं सांगावं तसं.

तिनं एक आठवडा चुकवला नाही. मुठीनं मोजून पावडर टाकायची, विहिरीवरून पितळी गुंडी भरून पाणी आणून ओतायची. मी रविवारी गेले की विचारायची, "बाई, जास्त तं नाई ना झाली?" एकदा मीही तिच्याबरोबर पाण्याच्या बादल्या वाहिल्या, कारण ती दमली होती आणि मी नुसती उभी राहिलेली बरी दिसत नव्हते. मी विष घातलेल्या झाडाला मीच पाणी घातलं, आणि मावशी म्हणाली, "तुमच्या हाताले यश येऊ दे." पावसाळ्याच्या तोंडावर तिनं शेण आणि माती कालवून सगळा बुंधा खालपासून छातीपर्यंत लिंपून काढला. मी पाडलेली भोकं तिनं स्वतःच्या हातानं झाकली. मला त्या वेळी काय वाटलं ते लिहायची लाज वाटते, पण लिहिते. मला सुटल्यासारखं वाटलं. आता भोकं कोणाला दिसणार नव्हती.

तेव्हाच सगळं सांगून टाकलं असतं तर निदान सुनेचं पुढचं टळलं असतं. पण मला वाटलं, मावशी काय, चार दिवस बोलेल आणि विसरेल. ती विसरली नाही. श्रावणात शेळी मेली, ते सुनेमुळे. मुलाची गाडी घसरून हात मोडला, तेही तिच्यामुळे. सून गप्प बसणारी नव्हती. ती उलट बोलायची आणि मग दिवसच्या दिवस त्या दोघी एकमेकींशी बोलायच्या नाहीत. मुलगा मधे नुसता मान खाली घालून.

दिवाळीच्या आधी एकदा सून कुंपणापाशी आली. मी कलमांना खत देत होते.

"मॅडम, एक सांगू? तुमचं आईकते थे. तुमी बसवा ना तिले एक डाव, आन सांगा, कोणाच्या खाण्यानं झाड नाई मरत म्हून. माह्यं तं काई आईकत नाई."

"सांगीन," मी म्हटलं.

"नक्की सांगजा. नाई तं मले माहेरी धाडून राह्यली थे."

मी सांगितलं नाही. नुसतं 'झाड असं मरत नाही' एवढं सांगून भागणार नव्हतं. मावशीनं पुढचा प्रश्न विचारलाच असता, मग कशानं मेलं? त्या प्रश्नाला मी भीत होते. दिवाळीला सून माहेरी गेली आणि तिला घ्यायला कोणी गेलं नाही.

फाल्गुन आला. मोहावर एक फूल नाही. पांढरट, कोरड्या फांद्या. मावशी सवयीनं पहाटे टोपली घेऊन जायची आणि रिकाम्या झाडाखाली बसून परत यायची, असं तिच्या मुलानं मला सांगितलं. माझ्या त्या दोन ओळींना ऊन मिळायला लागलं होतं. कलमं हिरवी दिसत होती. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते.

पेरणीला महिनाभर असेल, तेव्हा एका रविवारी मावशी आणि मुलगा देवळीला आमच्या घरी आले. मावशीनं पिशवीतून स्टॅम्प पेपर काढून टेबलावर ठेवला.

"फारकत घ्यायची हाय बाई. येत्या रविवारी तिच्या माहेरी जाऊन बसतो. तुमी चाला. तुमचं अक्षर चांगलं हाय, आन तुमी असल्या तं तिच्याकडचे लोक गडबड नाई करणार."

अशा कागदाला कायद्यात काही अर्थ नाही, हे मला माहीत होतं. पण गावात अशा कागदावर संसार मोडतात, हेही माहीत होतं. मुलाकडे पाहिलं. तो फरशीकडे बघत होता. "तुले पाह्यजे का फारकत?" मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "मायले पाह्यजे."

मी "येते" म्हटलं. बसमध्ये सांगू, असं मनाशी ठरवलं. देवळीहून वर्धा, वर्ध्याहून हिंगणघाट, पुढे गिरडची गाडी; सांगायला वाट पुष्कळ होती. पहिल्या गाडीत गर्दी होती म्हणून सांगितलं नाही. दुसऱ्या गाडीत मुलगा शेजारी होता म्हणून नाही. तिसऱ्या गाडीत मावशी माझ्या खांद्यावर डोकं टेकवून झोपली. ती इतकी हलकी लागत होती की मला रडायला आलं, पण मी तिला उठवलं नाही.

सुनेच्या घरी अंगणात कडुनिंबाखाली चटया घातल्या होत्या. तिचे वडील, गावातले दोन जाणते, आम्ही तिघं. तिची आई आत चुलीपाशी. सून दाराच्या चौकटीला टेकून बसली होती. तिनं मला पाहिलं आणि नुसती मान हलवली. चहा झाला. कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते, कारण पेन माझ्या हातात होतं.

मी गावांची नावं लिहिली, दोन्ही पक्षांची नावं लिहिली. मग एका जाणत्यानं विचारलं, "कारण काय टाकता?"

मावशी म्हणाली, "लिहा, हिनं नेम मोडला आन आमचा मोह मारला."

'हिनं' एवढं मी लिहिलं. पुढे पेन चालेना. मला वाटलं होतं की खरं बोलायला खूप धैर्य लागेल. तसं काही झालं नाही. तिथे मला एवढंच कळलं की माझ्या हातानं ते वाक्य पुरं होणार नाही, आणि पुरं करायचं नसेल तर तोंड उघडण्यावाचून दुसरं काही उरलेलं नाही. आदल्या रविवारी माझ्याच घरात बोलले असते, तर त्यात थोडीतरी माणुसकी होती.

"मावशी," मी म्हटलं, "तो मोह हिनं नाई मारला. मी मारला. गिरमिटानं भोकं पाडली, हिंग भरला, तणनाशक ओतलं. बुडाशी चार भोकं हायेत. तुम्ही लिंपलं त्याच्या खाली."

कोणालाच काही समजलं नाही. मग हळूहळू समजलं. मुलगा ताडकन उभा राहिला आणि पुन्हा खाली बसला.

"कवा?" मावशीनं विचारलं.

"पौषात. हिनं फुलं खाल्ली त्याच्या आधी."

"काऊन पण?"

मला नळी आठवली, दोन ओळी आठवल्या, ओल्या मातीतली पावलं आठवली. त्यातलं एकही तिथे बोलण्यासारखं नव्हतं. "सावली पडत होती," मी म्हटलं.

तिनं बोटांवर महिने मोजले. मग म्हणाली, "मंग थे दवा कायची होती?"

"कायचीच नव्हती मावशी."

"वर्षभर टाकली म्या," ती म्हणाली. "मोजून टाकली."

एवढं बोलून ती चटईवरून उठली आणि बाजूला नुसत्या जमिनीवर जाऊन बसली. तिला माझ्याबरोबर एका चटईवर बसायचं नव्हतं. आमच्या लोकांना एका चटईवर बसू न देणारे माझ्या आजोबांच्या वेळी पुष्कळ होते, आणि त्यात आमचा काही गुन्हा नव्हता. ते सगळं ऐकत मी मोठी झाले. या वेळी चटईवर मी एकटी उरले होते ते माझ्या करणीनं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढचं सांगण्याआधी एक सांगून टाकते, म्हणजे कोणाला घोर लागायला नको. सून आता परत आली आहे. लगेच नाही आली. नवरा स्वतः, आईला न घेता, तीन वेळा घ्यायला गेला तेव्हा आली. वठलेला मोह अजून धुऱ्यावर उभा आहे. मावशीनं तोडू दिला नाही, आणि त्याच्या ढोलीत आता पोपट राहतात. मी सावलीतल्या त्या दोन ओळी काढून टाकल्या आणि तारेचं कुंपण धुऱ्यापासून चांगलं आत घेतलं. त्या पट्टीत आपोआप बोरी आणि गवत उगवलं आहे. डुकरं आता बरीचशी तिथेच घुटमळतात. मावशी माझ्याशी कामापुरतं बोलते आणि पुन्हा 'तू' म्हणते, पण 'पोरी' नाही म्हणत.

फुलांच्या मोसमात सून जंगलाच्या कडेच्या मोहांखाली जाते. गेल्या दोन सालांपासून मी सुट्टीच्या दिवशी तिच्याबरोबर जाते. तिनं बोलावलं नव्हतं, आणि नको असंही म्हटलं नाही. ती पाचोळा पेटवत नाही. जुनी लुगडी एकमेकांना शिवून झाडाखाली अंथरते, फुलं त्यावर पडतात. पहिले चार-पाच दिवस तीही आता वेचत नाही. मी विचारलं तर म्हणाली, सासू सांगते की पहिली फुलं रानातल्यांची. हरणं, अस्वलं, मुंग्या, सगळ्यांचं झालं की मग आपली पाळी. ज्या पूजेकडे मी इतकी वर्षं वरून बघत होते तिच्यात हे होतं, आणि मी कधी विचारलंच नव्हतं. आणि ती लुगडी! नळी जळाली त्या दिवशी मी गोड हसण्याऐवजी नुसती भांडले असते, 'मावशी, आग लावू नका, दुसरं काहीतरी करा' एवढं ओरडले असते, तर चार जुन्या लुगड्यांवर भागलं असतं.

पण त्या दिवशी, त्या अंगणात, मला यातलं काही माहीत नव्हतं. मी चटईवर एकटी बसले होते. जाणत्यांपैकी एकानं खाकरून म्हटलं, "मंग आता या कागदाचं काम नाई," आणि फाडायला हात पुढे केला.

"फाडू नका," सून दारातून म्हणाली.

ती उठून आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. आवाज चढलेला नव्हता.

"लिहा मॅडम."

"काय लिहू?"

"आत्ता जे सांगतलं थे. जसंच्या तसं. 'हिनं' खोडा. तुमचं नाव टाका."

मी 'हिनं' खोडलं. माझं नाव लिहिलं, वडिलांचं नाव लिहिलं, आणि कधी, कशानं, किती भोकं पाडली ते लिहिलं. तिला 'सांगीन' म्हणून मावशीला सांगितलं नाही, हेही तिनं लिहायला लावलं. तिच्याकडून पावडर राहून गेली होती, ती मी माझ्या मनानं लिहिली. खाली सही केली.

"आता वाचा."

मी वाचलं. अंगणात सगळ्यांनी ऐकलं. तिच्या वडिलांनी डोळ्यांवर हात घेतला. मी कागद तिच्याकडे दिला, पण तिनं तो घेतला नाही.

"माय आत हाय," ती म्हणाली. "तिले कमी आईकू येते. दिवाळीपासून थेच मले बोल लावून राह्यली, का असं कसं खाल्लं तू, का असं कसं घर मोडलं. तिच्यापाशी जाऊन वाचा."

मी उठले, चुलीपाशी गेले. तिची आई भाकर थापत होती. मी तिच्यासमोर खाली बसले आणि माझ्या नावापासून, मोठ्यानं, पुन्हा वाचायला लागले.